डेबरिंगचं टेबल कुठं ठेवायचं? नेटवर्क विश्लेषणातून शॉपफ्लोअरचा लेआउट

नाशिकच्या अंबडमधल्या एका मशीनिंगच्या शेडमध्ये लेआउटचं काम चाललं होतं. मालकांना नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंगचं मशीन) बसवायचं होतं आणि त्याला जागा कुठून काढायची एवढाच प्रश्न होता. ड्रॉइंग पसरून आम्ही तासभर मोठ्या मशीनबद्दलच बोलत होतो. डेबरिंगचं, म्हणजे मशीनिंगनंतर मालाच्या कडेला राहिलेला बर (धातूची धारदार कड) हातानं काढायचं टेबल त्या ड्रॉइंगवर नव्हतंच. ते शेडच्या मागच्या कोपऱ्यात, बुरच्या (कापून निघालेल्या धातूच्या किसाच्या) पिंपांना लागून होतं. चहाच्या सुट्टीत तिथले काका मला म्हणाले, "साहेब, ट्रॉली ओढायला एक माणूस तरी द्या, नाहीतर टेबल पुढं घ्या. दिवसभर सगळ्यांचा माल इथवर येतो आणि परत तिकडं जातो."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन ट्रॉल्या मोजायला उभा राहिलो. तेव्हापासून लेआउटचं काम मी मशीनच्या मापांपासून सुरू करत नाही, कोणाचा कोणाशी संबंध आहे इथून सुरू करतो. या लेखात ती पद्धत पायरीपायरीनं मांडली आहे. सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या दहा-पंधरा मशीनच्या कारखान्याला ती वही, एक्सेल आणि दोन आठवड्यांच्या नोंदींवर जमते.

आपल्याकडच्या बहुतेक शेड एकेक मशीन येत वाढल्या. पहिलं सीएनसी (इथं संगणकावर चालणारं लेथ) विजेच्या पॅनेलजवळ, दुसरं त्याच्या शेजारी, तिसरं जागा उरली तिथं. चौथ्या मशीनसाठी इन्स्पेक्शनचं टेबल मागं सरकवलं. प्रत्येक वेळी निर्णय त्या दिवसापुरता बरोबर होता, पण दहा वर्षांनी एका शाफ्टला शेडच्या तीन प्रदक्षिणा घालाव्या लागतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मशीन डोळ्याला दिसतं आणि दोन मशीनमधला संबंध दिसत नाही.

हा संबंध कागदावर आणण्याची रीत माणसांच्या अभ्यासातून आली. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञानं १९३० च्या दशकात कोण कोणाला जवळचं मानतं हे बिंदू आणि रेषांनी काढून दाखवलं. त्याच सुमारास, १९३१-३२ मध्ये, शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात एका खोलीतल्या १४ कामगारांचं निरीक्षण झालं. कोण कोणाला मदत करतो, कोण कोणाशी काम बदलून घेतो, खिडकी उघडी ठेवण्यावरून कोणाचं वाजतं, अशा नोंदींचे नकाशे काढले गेले. त्यात दोन गट उघड दिसले, एक खोलीच्या पुढच्या भागातला आणि एक मागच्या भागातला. माणूस कुठं बसतो आणि कोणाशी जोडला जातो यांचं नातं कारखान्याच्या जमिनीवरच दिसून आलं होतं. पुढं हीच रीत वाढत जाऊन तिला सोशल नेटवर्क अॅनालिसिस हे नाव मिळालं. तिच्यातलं गणित बिंदू माणसाचा आहे की मशीनचा, हे विचारत नाही. म्हणूनच ते लेआउटला लावता येतं.

पायरी १: बिंदू ठरवा

जिथं माल थांबतो, तो बिंदू. मशीन, टेबल, रॅक, गेट, सगळं. सारखं काम करणारी चार सीएनसी शेजारीशेजारी असतील तर सुरुवातीला एकच बिंदू धरा, पुढं गरज पडली तर फोडता येतो. दहा ते वीस बिंदू पुरेसे आहेत.

दोन बिंदू हमखास सुटतात. पहिला डेबरिंग, धुणं, मार्किंग अशा हाताच्या कामाच्या टेबलांचा. दुसरा गेट. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगला माल चलनावर बाहेर जातो, तेव्हा रूट कार्डवर (माल कोणत्या क्रमानं कुठं जाणार ते लिहिलेल्या कागदावर) एक ओळ असते. प्रत्यक्षात मात्र तो माल मशीनवरून गेटवर जातो आणि दोन दिवसांनी गेटवरून पुढच्या मशीनवर येतो. या दोन वेगळ्या वाटा आहेत. बाहेरच्या प्रत्येक प्रोसेससाठी गेट हाच बिंदू धरा.

पायरी २: फेऱ्या मोजा

नग मोजू नका, फेऱ्या मोजा. हजार बुश एका ट्रॉलीत जातात आणि चाळीस फ्लँजना दोन ट्रॉल्या लागतात. लेआउटच्या दृष्टीनं बुशची एक फेरी आणि फ्लँजच्या दोन.

रूट कार्डवरून तक्ता बनवायचा मोह होतो, कारण ते ऑफिसात बसून जमतं. तसं करू नका. रूट कार्ड माल कसा जायला हवा ते सांगतं. तो कसा जातो ते ट्रॉली सांगते. प्रत्येक ट्रॉलीला एक कागद अडकवा. हेल्परनं फक्त निघालेलं ठिकाण, पोचलेलं ठिकाण आणि वेळ लिहायची. लिहायला कंटाळा होत असेल तर ठिकाणांना आकडे द्या आणि आकडे लिहू द्या. किमान दोन आठवडे नोंद ठेवा आणि त्यातला एक महिन्याचा शेवटचा आठवडा असू द्या. वाहन कंपन्यांच्या शेड्युलवर चालणाऱ्या शेडमध्ये महिनाअखेरीचा प्रवाह पहिल्या आठवड्यासारखा नसतो. पाहायचं आहे ते नेमकं तेव्हाच दिसतं.

रिवर्कच्या फेऱ्या वेगळ्या रंगात लिहा. त्या कमी करायच्या असतात, त्यांच्यासाठी सोयीची जागा करून द्यायची नसते.

पायरी ३: तक्ता आणि नकाशा

पुढचं सगळं एका उदाहरणावर दाखवतो. समजा एका शेडमध्ये चार प्रकारचा माल होतो आणि तिथली चार सीएनसी मिळून एक बिंदू धरला आहे. बँडसॉ म्हणजे बार कापायची करवत, क्यूसी म्हणजे तपासणीचं टेबल. कंसातले आकडे रोजच्या ट्रॉल्यांचे:

शाफ्ट (१२): स्टोअर, बँडसॉ, सीएनसी, गेट, ग्राइंडिंग, क्यूसी, पॅकिंग
फ्लँज (८): स्टोअर, सीएनसी, व्हीएमसी, डेबरिंग, क्यूसी, पॅकिंग
ब्रॅकेट (६): स्टोअर, व्हीएमसी, ड्रिलिंग, डेबरिंग, क्यूसी, पॅकिंग
बुश (४): स्टोअर, बँडसॉ, सीएनसी, ड्रिलिंग, डेबरिंग, क्यूसी, पॅकिंग

आता एक्सेलमध्ये आडवे-उभे दहाही बिंदू लिहा आणि प्रत्येक चौकटीत 'इथून तिथं' किती फेऱ्या ते भरा. स्टोअर ते बँडसॉ १६, कारण शाफ्टच्या १२ आणि बुशच्या ४. बँडसॉ ते सीएनसीही १६. ड्रिलिंग ते डेबरिंग १०, डेबरिंग ते क्यूसी १८, क्यूसी ते पॅकिंग ३०. सगळ्या चौकटींची बेरीज १६६ यायला हवी. शाफ्टचे ६ टप्पे गुणिले १२, फ्लँजचे ५ गुणिले ८, असं प्रत्येक मालाचं करून बेरीज जुळते का ते बघा. जुळत नसेल तर कुठंतरी एक वाट सुटली आहे.

मग एका मोठ्या कागदावर दहा गोल काढा आणि फेऱ्यांच्या प्रमाणात जाडबारीक बाण जोडा. संगणकावर करायचं असेल तर गेफी हा मोफत प्रोग्राम आहे. त्याला तीन रकान्यांची फाईल लागते: कुठून, कुठं, किती. माझं मत विचाराल तर पहिला नकाशा हातानंच काढा, आणि सुपरवायझर, सेटर (नवीन कामासाठी मशीन लावून देणारा), हेल्पर यांच्यासमोर काढा. "अहो, ही वाट राहिली" असं कोणीतरी म्हणतंच.

हा नकाशा म्हणजे लेआउट नव्हे. गेफी जास्त जोडलेले बिंदू जवळ ओढतो आणि चित्र देखणं दिसतं, पण त्यात मशीनचं क्षेत्रफळ नाही, खांब नाहीत, दरवाजा नाही. चित्र पाहून लगेच मशीन हलवायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

पायरी ४: वर्दळ आणि मध्यस्थता

प्रत्येक बिंदूसाठी दोन आकडे काढायचे. पहिला सोपा आहे: येणाऱ्या आणि जाणाऱ्या फेऱ्यांची बेरीज. त्याला मी वर्दळ म्हणतो. दुसरा आकडा मध्यस्थतेचा. तो समजायला नाशिकचा द्वारका चौक आठवा. पुण्याहून धुळ्याकडे निघालेला ट्रक असो की नाशिकरोडहून पंचवटीला जाणारी रिक्षा, वाट द्वारकेवरून जाते. त्यांचं काम द्वारकेला नसतं. तरी तो चौक अडला की ज्यांचं तिथं काहीच काम नाही अशा सगळ्यांचा खोळंबा होतो. किती लोक एखाद्या ठिकाणी येतात ही वर्दळ, आणि किती जणांची वाट तिथून जाते ही मध्यस्थता. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये ती मोजायची रीत मांडली.

दहा बिंदूंसाठी ती हातानंही निघते. एक सुरुवात आणि एक शेवट घ्या. त्यांच्यामधली सर्वांत कमी टप्प्यांची वाट शोधा. त्या वाटेत मध्ये येणाऱ्या प्रत्येक बिंदूला एक गुण द्या. सारख्या टप्प्यांच्या दोन वाटा असतील तर अर्धा-अर्धा द्या. उदाहरणार्थ, स्टोअरहून ड्रिलिंगला सीएनसीवरूनही दोन टप्प्यांत जाता येतं आणि व्हीएमसीवरूनही, म्हणून दोघांना अर्धा गुण. अशा सगळ्या जोड्या झाल्या की बेरीज करा. आपल्या उदाहरणात असं निघतं:

सीएनसी: वर्दळ ४८, मध्यस्थता ९.५
डेबरिंग: वर्दळ ३६, मध्यस्थता ८.६७
क्यूसी: वर्दळ ६०, मध्यस्थता ८
व्हीएमसी: वर्दळ २८, मध्यस्थता ५.८३
गेट: वर्दळ २४, मध्यस्थता ४.३३
ग्राइंडिंग: वर्दळ २४, मध्यस्थता ३.३३
ड्रिलिंग: वर्दळ २०, मध्यस्थता २.३३
बँडसॉ: वर्दळ ३२, मध्यस्थता ०
स्टोअर आणि पॅकिंग: वर्दळ प्रत्येकी ३०, मध्यस्थता ०

सीएनसी सर्वांत वर येणार हे कोणीही सांगेल. पण दुसऱ्या क्रमांकावर आहे ते डेबरिंग. सबंध शेडमधली सर्वांत स्वस्त वस्तू, एक लोखंडी टेबल आणि दोन फायली, आणि तिच्यावरून व्हीएमसी, ड्रिलिंग, क्यूसी सगळे जोडलेले. काकांची तक्रार या एका आकड्यात आहे. डेबरिंगला कोपरा मिळतो कारण ते हलवायला सोपं असतं. जागा कमी पडली की पहिलं तेच सरकवलं जातं.

बँडसॉची गोष्ट उलटी आहे. वर्दळ ३२, व्हीएमसीपेक्षा जास्त, पण मध्यस्थता शून्य. त्याचा संबंध फक्त स्टोअर आणि सीएनसीशी आहे. म्हणजे त्याला मध्यभागी जागा द्यायची गरज नाही. त्या दोघांच्या मधल्या भिंतीला लावलं की काम झालं. आवाज आणि कूलंटचे शिंतोडेही तिथंच राहतात.

एक सावधगिरी. बँडसॉला शून्य आलं म्हणून ते गैरलागू ठरत नाही. या गणिताला कोणता माल कोणत्या वाटेनं जातो हे माहीत नसतं. स्टोअरवरून सीएनसीला थेट वाट आहे एवढंच त्याला दिसतं. ती वाट फ्लँजची आहे, शाफ्टच्या बारला कापल्याशिवाय सीएनसीवर जाता येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून प्रत्येक विचित्र आकड्यामागं कोणता माल आहे ते विचारा.

पायथॉनमधलं नेटवर्कएक्स (नेटवर्कचं गणित करणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथं मध्यस्थता काढताना दुव्याला दिलेला आकडा अंतर समजला जातो. फेऱ्यांचा आकडा तसाच दिला तर ३० फेऱ्यांची वाट 'लांब' ठरते आणि निकाल उलटा येतो. वजन लावायचंच असेल तर १ भागिले फेऱ्या असं द्या.

पायरी ५: गट शोधा

नकाशाकडे नीट बघितलं की दोन घोळके दिसतात. बँडसॉ, सीएनसी, गेट, ग्राइंडिंग हा एक. व्हीएमसी, ड्रिलिंग, डेबरिंग हा दुसरा. दोघांना जोडतात सीएनसीवरून निघणाऱ्या १२ फेऱ्या: फ्लँजच्या ८ आणि बुशच्या ४. बिंदू जास्त असतील तर गेफीतलं मॉड्युलॅरिटी हे साधन गट काढून देतं.

उत्पादनाच्या वाटांवरून मशीनचे गट करण्याची कल्पना जॉन बर्बिज यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि सेल मॅन्युफॅक्चरिंग (सारख्या वाटेच्या मालाची मशीन एका गटात ठेवणं) तिच्यावर उभं राहिलं. आपल्या उदाहरणात प्रश्न असा होतो: चार सीएनसींपैकी एक-दोन दुसऱ्या घोळक्यात नेता येतील का? फेऱ्यांवरून पाहिलं तर निम्मा माल शाफ्टचा आणि निम्मा इतरांचा आहे. पण फेऱ्या म्हणजे मशीनचे तास नव्हेत. सायकल टाईम आणि सेटिंगचा वेळ धरून तासांचं गणित जमलं, तरच सीएनसी फोडा. नाही जमलं तर चारही सीएनसी दोन घोळक्यांच्या सीमेवर ठेवा. सीएनसीचा पुलासारखा असलेला हा स्वभाव नकाशातच दिसतो.

पायरी ६: माणसांचं जाळं

बहुतेक लेआउट इथं चुकतात. म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

मालाच्या तक्त्यात सीएनसी आणि क्यूसी यांच्यामध्ये शून्य आहे. सीएनसीवरून कोणताच माल थेट क्यूसीला जात नाही. पण सेटर फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) तपासून घ्यायला घेऊन जातो. चार सीएनसी, प्रत्येकावर शिफ्टला दोन सेटिंग, दोन शिफ्ट, म्हणजे दिवसाला १६ फेऱ्या. स्टोअर ते बँडसॉ जेवढ्या ट्रॉल्या जातात, तेवढ्याच. फरक एवढा की ट्रॉली जाते तेव्हा मशीन चालू असतं आणि फर्स्ट पीस जातो तेव्हा मशीन उभं असतं. मला विचाराल तर सेटरची एक फेरी ट्रॉलीच्या कित्येक फेऱ्यांपेक्षा महाग आहे.

सातपूरच्या एका युनिटमध्ये इन्स्पेक्शनची खोली वरच्या मेझनाइनवर नेली होती. एसी, काचा, स्वच्छ फरशी, मोजमापाच्या दृष्टीनं उत्तम. पण जिना चढायचा म्हणून ऑपरेटर दोन-तीन पीस जमले की एकदम घेऊन जायचे. तोवर मशीन चालूच असायचं. रिजेक्शन वाढलं तेव्हा सगळ्यांनी आधी टूलला दोष दिला.

अंतराचा बोलण्यावर होणारा परिणाम एमआयटीच्या थॉमस अॅलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन प्रयोगशाळांमधल्या इंजिनिअरांवर मोजला. अंतर वाढेल तसं आपसातलं बोलणं झपाट्यानं कमी होतं आणि साधारण ५० मीटरपुढं ते जवळजवळ नाहीसं होतं. शॉपफ्लोअरवर तर मशीनचा आवाज असतो, शिवाय मशीन सोडून जाता येत नाही.

माणसांचं जाळं काढायला प्रत्येकाला हे विचारा:

सेटिंग जमत नसेल तर आधी कोणाकडे जाता?
गेज, इन्सर्ट, टूल कोणाकडून आणता, आणि दिवसातून किती वेळा?
फर्स्ट पीस पास करून घ्यायला कुठं जाता?
कोणत्या ठिकाणी वाट बघत थांबावं लागतं?

शेवटच्या प्रश्नात 'कोणामुळं' असं विचारू नका, 'कोणत्या ठिकाणी' असंच विचारा. मालक किंवा एचआरच्या माणसानं हे प्रश्न विचारले तर खरं उत्तर येणार नाही. ज्याच्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात अशा माणसानं, जमिनीवर उभं राहून विचारावं. युनियन असेल तर प्रतिनिधींना आधी सांगा आणि प्रश्न दाखवा. नावांऐवजी आकडे वापरा. कोणाकडे कोणीच जात नाही हेही या नकाशात दिसतं. ती माहिती कुणाच्या पगारवाढीत किंवा बदलीत वापरली गेली, तर पुन्हा कधी कोणी खरं बोलणार नाही, आणि ते योग्यच असेल. काम झालं की नावांची यादी फाडून टाका. रात्रपाळीला जरूर विचारा. दिवसा ऑफिस, टूल रूम, मेंटेनन्स सगळे असतात. रात्री सगळे बाण एकाच अनुभवी सेटरकडे जातात.

असा एखादा माणूस सापडला की दोन गोष्टी करा. त्याची जागा जिथून जास्त बाण येतात तिथं आणा. मी पाहिलेल्या एका शेडमध्ये असे मामा ऑफिसच्या मागच्या बाजूला बसत, कारण तिथं पंखा होता. पंखा इकडं बसवणं मशीन हलवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडलं. दुसरी गोष्ट, त्याच्याशेजारी शिकणारा एक माणूस ठेवा. मामा लग्नसराईत आठ दिवस गावाला गेले की काय होतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

आता मालाचा नकाशा आणि माणसांचा नकाशा एकावर एक ठेवा. ट्रेसिंग पेपर उत्तम. माल नाही पण माणसं आहेत अशा वाटा लाल करा. लेआउटमध्ये त्यांना पायवाट आणि नजरेची वाट, दोन्ही मिळायला हवं. सेटरला आपल्या मशीनवरून क्यूसीचं टेबल रिकामं आहे की नाही हे दिसलं, तरी अर्ध्या फेऱ्यांतलं थांबणं वाचतं.

पायरी ७: जवळ नकोत अशा जोड्या

नेटवर्क जोडतं, तोडत नाही. पॉवर प्रेसचे हादरे ग्राइंडिंगला चालत नाहीत. ग्राइंडिंगची धूळ मोजमापाच्या टेबलाला चालत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि थिनर एकत्र नकोत. रिचर्ड मुथर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या लेआउटच्या पद्धतीत प्रत्येक जोडीला जवळिकीची श्रेणी देतात आणि 'अजिबात जवळ नको' यासाठी एक्स वापरतात. तो एक्स आपल्या तक्त्यातही लिहा, फेऱ्या कितीही असल्या तरी.

पायरी ८: कागदावर मांडा आणि मोजा

१ ला ५० या प्रमाणात आलेखाच्या कागदावर शेड काढा. १ मीटरला २ सेंटिमीटर. ४० बाय १८ मीटरची शेड ८० बाय ३६ सेंटिमीटरच्या कागदात बसते. खांब, दरवाजे, ड्रेन, पॅनेल आधी काढा. मशीनचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा. त्यात मशीनभोवतीची देखभालीची जागा, दार उघडण्याची जागा आणि चिप कन्व्हेयर धरा. ज्यांचं फाउंडेशन खोल आहे ती मशीन टाचणीनं पक्की करा. ती हलणार नाहीत असं धरूनच विचार करा.

दहा बिंदू दहा जागांवर ठेवायचे ३६,२८,८०० प्रकार होतात. कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ मध्ये या प्रकारच्या प्रश्नाचं गणित मांडलं, आणि मोठ्या आकड्यांना तो आजही संगणकाला जड जातो. आपल्याला सगळे प्रकार तपासायची गरज नाही. आजचा लेआउट घ्या आणि एका वेळी दोन बिंदूंची अदलाबदल करून बघा. अशा फक्त ४५ जोड्या होतात. ज्यांची मध्यस्थता जास्त आणि हलवण्याचा खर्च कमी, त्यांच्यापासून सुरू करा. आपल्या उदाहरणात अर्थातच डेबरिंग.

मोजायचं एकच: फेऱ्या गुणिले अंतर. अंतर सरळ रेषेत धरू नका, ट्रॉली जिथून जाते त्या गल्लीनं मोजा. समजा डेबरिंग कोपऱ्यात आहे. व्हीएमसीपासून २८ मीटर, ड्रिलिंगपासून २४, क्यूसीपर्यंत ३०. मग ८ गुणिले २८, १० गुणिले २४, १८ गुणिले ३०, मिळून रोजचे १००४ मीटर. टेबल व्हीएमसी, ड्रिलिंग आणि क्यूसीच्या मध्ये आणलं आणि ही अंतरं ८, ६ आणि ७ मीटर झाली, तर २५० मीटर. एक टेबल हलवून ७५४ मीटर वाचले, आणि रिकामी ट्रॉली परत नेण्याचे तेवढेच आणखी. ना केबल लागली, ना फाउंडेशन.

ग्राइंडिंगकडेही असंच बघा. सवयीनं ते सीएनसीच्या शेजारी ठेवतात, कारण टर्निंगनंतर ग्राइंडिंग. पण आपल्या नकाशात सीएनसी ते ग्राइंडिंग एकही थेट फेरी नाही. सगळा माल गेटवरून येतो. म्हणून ग्राइंडिंग गेट आणि क्यूसीच्या मध्ये हवं.

दोन-तीन पर्याय तयार झाले की सर्वांत चांगल्या आकड्याचा पर्याय लगेच उचलू नका. तिन्ही पर्याय सेटरना आणि हेल्परना दाखवा. पावसाळ्यात गेटजवळ पाणी येतं, दुपारी पश्चिमेचं ऊन त्या टेबलावर पडतं, असं काही ते सांगतात, आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

पायरी ९: हलवणं

आधी जमिनीवर रंगीत टेप लावून नवीन जागा आखा आणि रिकामी ट्रॉली फिरवून बघा. दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या तर वळता येतं का, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट मोकळी राहते का, हे पाहा. मोठा बदल असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या मंजूर नकाशाचं काय करावं लागेल, हे आपल्या सल्लागाराला आधीच विचारा. माल येण्याच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

टेबलं, रॅक, क्यूसी हे साप्ताहिक सुट्टीच्या एका दिवसात हलतं. ते आधी हलवा आणि दोन आठवडे चालू द्या. मशीनसाठी दिवाळीची सुट्टी धरा. पॅनेलपासूनची केबल, एअर लाईन, लेव्हलिंग, आणि हलवल्यानंतर भूमिती तपासायला माणूस, यांची वेळ सुट्टीच्या आधी महिनाभर ठरवा. त्या आठवड्यात सगळ्या एमआयडीसीला तेच लोक हवे असतात. सुट्टीआधी दोन दिवसांचा माल जास्तीचा काढून ठेवा, कारण हलवलेलं मशीन पहिल्या दिवशी मापात येईलच असं नाही.

पायरी १०: पुन्हा मोजणं

महिन्यानं ट्रॉलीला तोच कागद परत अडकवा. माणसांचे चार प्रश्नही परत विचारा. मालाचं अंतर कमी झालेलं दिसेल, पण माणसांचं जाळं बदललंय का, हे जास्त काळजीनं बघा. डेबरिंगचे काका आता क्यूसीच्या शेजारी आले की त्यांना बर कुठं राहतो ते लगेच कळतं, आणि ते व्हीएमसीवाल्याला तिथूनच हाक मारून सांगतात. अशा नवीन बाणांची नोंद करा. नसतील तर का नाहीत, हे त्यांनाच विचारा.

तक्ता आणि नकाशा प्रॉडक्शनच्या भिंतीवर लावून ठेवा. नवीन जॉबचं ड्रॉइंग कोटेशनसाठी आलं की त्याची वाट पेन्सिलनं त्याच नकाशावर काढा आणि डेबरिंगवर आणखी किती ट्रॉल्या येणार ते लिहा. मगच दर द्या.